घाट, ऊन आणि भरलेला ट्रेलर: डिझेल इंजिनासाठी ऑइल निवडताना

एप्रिल लागला की वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलपासून कळंबोलीपर्यंत ऑइलच्या दुकानांत एका मागणीला जोर येतो: जाड ऑइल द्या. हिवाळाभर १५डब्ल्यू-४० या ग्रेडचे ऑइल घालणारे मालकही उन्हाळ्यासाठी २०डब्ल्यू-५० मागू लागतात. ऊन वाढले की ऑइल पातळ होते, पातळ ऑइलाने इंजिन घासते, म्हणून उन्हाळ्यात ऑइल जाड हवे, असा हा हिशेब आमच्या धंद्यात फार जुना आहे. कंटेनर ओढणाऱ्या आमच्या गाड्यांची देखभाल वडिलांकडून माझ्याकडे आल्यापासून दर उन्हाळ्यात हा सल्ला मला कोणी ना कोणी देतच असते. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांतले बरेच जण माझ्यापेक्षा वयाने व अनुभवाने मोठे आहेत. तरीही माझे मत वेगळे आहे. उन्हाकडे पाहून ऑइलची ग्रेड बदलू नये. ओझे, घाट आणि इंजिनाची पिढी पाहून ऑइलचा दर्जा निवडावा, आणि उन्हाची काळजी रेडिएटरची निगा व ऑइल बदलण्याची मुदत यांतून घ्यावी.

मुळात इंजिनातली उष्णता येते कुठून, हे आधी पाहू. चाळीस फुटी कंटेनरचे मालासह कमाल वजन ३०,४८० किलो असते. त्यात ओढणारा घोडा, म्हणजे पुढचा इंजिन-केबिनचा भाग, आणि मागचा ट्रेलर मिळवला तर पूर्ण भरलेली गाडी सहज ४० टनांच्या पुढे जाते. अशी ४० टनांची गाडी खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचते तेव्हा तिने साधारण साडेपाचशे मीटर उंची गाठलेली असते. तेवढे वजन तेवढे वर उचलायलाच सुमारे ६० किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलावरची ६० युनिटे, लागतात. टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा यांचा खर्च वेगळा. एक लिटर डिझेलमध्ये जवळपास १० युनिटे ऊर्जा असते आणि चांगले इंजिन त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास कामाला लावते. म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी पंधरा लिटर डिझेल जळते आणि त्यातली सुमारे ९० युनिटे उष्णता होऊन सायलेन्सर, रेडिएटर आणि ऑइल यांच्या वाट्याला येतात. हे सगळे तासाभराच्या आत घडते.

या उष्णतेपुढे हवेतला फरक लहान आहे, पण तो निरुपद्रवी नाही, आणि तो नेमका कुठे नडतो हे कळले की पुढचा विचार सोपा होतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो हे कूलंटचे तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान यांतील फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर असताना मुंबईत हवा ३५ अंश असेल तर हा फरक ६० अंशांचा असतो. तीच गाडी कसारा घाट चढून नाशिकमार्गे मे महिन्याच्या दुपारी धुळ्याला पोहोचली आणि तिथे पारा ४५ ला टेकला असेल तर फरक उरतो ५० अंशांचा. रेडिएटरची एक षष्ठांश ताकद केवळ हवेने काढून घेतली. शिवाय घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये, वीसच्या आसपासच्या वेगाने चढत असते, त्यामुळे समोरून वारा जवळजवळ येतच नाही आणि सगळी मदार पंख्यावर राहते. अशा वेळी रेडिएटरच्या जाळीत भुसा, किडे आणि रस्त्यावरची धूळ अडकलेली असली किंवा पंख्याचा क्लच सरकत असला, तर इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधल्या ऑइलचे तापमान नेहमीच्या १०० ते ११० अंशांवरून १२०-१३० पर्यंत जाते. त्या अवस्थेत ऑइलची जाडी वाढवून काहीही साधत नाही, कारण उष्णता बाहेर टाकण्याचे काम जाडी करत नाही.

आमच्याकडचे एक जुने चालक मला म्हणाले होते, “ताई, धुळ्याच्या उन्हात हे ऑइल पाण्यासारखं होतं, डिपस्टिकवरून टपटप गळतं.” मी त्यांना म्हटले, “काका, गरम इंजिनातलं ऑइल जानेवारीतही तसंच गळेल.” त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर साधारण ११० सेंटिस्टोक (जाडी मोजण्याचे एकक) असते आणि १०० अंशांवर चौदा-पंधरा. थंड इंजिन चालू करून ते पूर्ण गरम होईपर्यंत ऑइल सात-आठपट पातळ होते, आणि इंजिन बनवणाऱ्यांनी बेअरिंगमधल्या फटी त्या पातळ अवस्थेसाठीच आखलेल्या असतात. डिपस्टिकवर दिसणारी जाडी ही बेअरिंगमधल्या जाडीचा पुरावा नव्हे.

डब्यावरचे आकडे काय सांगतात, याबद्दलही बराच गोंधळ आढळतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा आहे. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० अंशांवर इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल वाहते राहते. मुंबईला या आकड्याशी फारसे कर्तव्य नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरची जाडी सांगतो. एसएई जे३०० या मानकानुसार ४० ग्रेडचे ऑइल त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावे लागते आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. पण ओझे ओढणाऱ्या इंजिनासाठी माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा डब्याच्या दर्शनी भागावर छापलेलाच नसतो. तो आहे १५० अंश तापमानाला आणि जोरदार घुसळण चालू असताना उरणाऱ्या जाडीचा. या मोजमापाला एचटीएचएस म्हणतात आणि बेअरिंगमध्ये क्रँकशाफ्ट व धातूच्या पत्र्यामध्ये जो पातळ थर टिकतो, त्याच्या परिस्थितीशी हे मोजमाप सर्वांत जवळचे आहे.

आता गंमत अशी की मानकात १५डब्ल्यू-४० साठी एचटीएचएसची किमान मर्यादा ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे आणि २०डब्ल्यू-५० साठीही ती ३.७ च आहे. प्रत्यक्षात ५० ग्रेडचे ऑइल बहुधा याहून बरेच वर असते हे मान्य, पण चांगल्या प्रतीचे डिझेलचे १५डब्ल्यू-४० सुद्धा ४ च्या आसपास किंवा वर असते. त्यामुळे ग्रेडचा आकडा पाहून संरक्षणाचा अंदाज बांधण्यापेक्षा उत्पादकाच्या संकेतस्थळावरील तांत्रिक तक्ता उघडून हा आकडा पाहावा. तक्त्यात तो दिलेलाच नसेल तर मी ते ऑइल घेत नाही.

जाड ऑइलाची किंमतही मोजावी लागते. ते घुसळताना इंजिनाची थोडी जास्त शक्ती खर्च होते आणि ती शक्ती ऑइलातच उष्णता होऊन उतरते. मोठ्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या खालच्या बाजूवर ऑइलाचे फवारे सोडलेले असतात; पिस्टनचा माथा थंड ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी हे फवारे करतात आणि त्यांना ऑइल मुबलक वाहायला हवे असते. पहाटे गाडी चालू केल्यावर जाड ऑइल फिल्टरमधून सहज गेले नाही तर फिल्टरची बायपास झडप उघडते आणि काही काळ न गाळलेले ऑइल बेअरिंगपर्यंत जाते. गेजवर दाब जास्त दिसतो म्हणून चालकाला समाधान वाटते, पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे.

२०डब्ल्यू-५० ला जागाच नाही, असे मला म्हणायचे नाही. यांत्रिक पंपाची जुनी इंजिने, ज्यांची बेअरिंग आणि रिंगा झिजलेल्या आहेत, जी गरम झाल्यावर दाब सोडतात आणि ज्यांच्या पुस्तिकेत बाहेरच्या तापमानानुसार दिलेल्या तक्त्यात ही ग्रेड स्पष्ट लिहिलेली आहे, त्यांना ते जरूर घालावे. मात्र त्यामुळे इंजिनाचे काम काढण्याचा दिवस थोडा पुढे जातो, टळत नाही.

ग्रेडपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा तो डब्यावरच्या दुसऱ्या ओळीला, म्हणजे एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने ठरवलेल्या दर्जाच्या वर्गाला. डिझेल इंजिनांसाठीचा सीआय-४ वर्ग २००२ साली आला, तो मुख्यतः धुरातला काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या ईजीआर इंजिनांसाठी. अशा इंजिनांत ऑइलात काजळी जास्त जमते. २००४ साली आलेल्या सीआय-४ प्लसने काजळी सांभाळण्याची आणि घुसळणीत जाडी टिकवण्याची अट कडक केली. पुढे २००६ मध्ये सीजे-४ आणि डिसेंबर २०१६ मध्ये सीके-४ आला. उष्णतेत ऑइल जळून घट्ट होण्याविरुद्धची, म्हणजे ऑक्सिडेशनविरुद्धची, परीक्षा सीके-४ मध्ये आधीपेक्षा कठीण आहे. घाटात ओझे ओढणाऱ्यासाठी ही बाब ग्रेडच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि उन्हाळ्यासाठी म्हणून जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत.

सीके-४ च्याच दिवशी एफए-४ नावाचा आणखी एक वर्ग अस्तित्वात आला. त्याची एचटीएचएस जाणूनबुजून २.९ ते ३.२ इतकी कमी ठेवलेली आहे, डिझेलची बचत व्हावी म्हणून. तो मागच्या पिढ्यांच्या इंजिनांना चालत नाही. दुकानदार ‘सर्वांत नवे’ म्हणून पुढे करील तेव्हा एवढे ध्यानात असू द्यावे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे मानक लागू झाले आणि डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आले. मुंबईत त्याआधीही, २०१० पासून, ५० भागांचे डिझेल मिळत होते. गंधकापासून आम्ल तयार होते आणि ते मारण्यासाठी ऑइलात क्षार घातलेले असतात. त्या क्षारांचा साठा म्हणजे टीबीएन. जुने मिस्त्री ‘टीबीएन जास्त ते ऑइल चांगले’ म्हणत, ते त्यांच्या काळातल्या डिझेलला धरून बरोबर होते. आज तेवढे आम्लच तयार होत नाही. उलट बीएस-६ गाडीत धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, बसवलेली असते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या थोड्याशा ऑइलातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्ताची राख तिच्यात साचते. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ मध्ये राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे. बीएस-६ गाडीत केवळ स्वस्त पडते म्हणून सीआय-४ प्लस ओतणे म्हणजे गाळणीचे आयुष्य मुद्दाम कमी करणे होय, आणि ती गाळणी बदलण्याचा खर्च ऑइलात वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट असतो. सीके-४ मात्र जुन्या बीएस-३ व बीएस-४ गाड्यांनाही चालते, त्यामुळे वेगवेगळ्या वयाच्या गाड्या असलेल्या मालकाने सगळीकडे एकच सीके-४ १५डब्ल्यू-४० ठेवले तर गोदामात चुकीचा कॅन उचलला जाण्याची भीतीच राहत नाही. आम्ही तेच करतो.

यावरही इंजिन बनवणाऱ्याचा शब्द अखेरचा. कमिन्सचे सीईएस २००८६, व्होल्वोचे व्हीडीएस-४.५, मर्सिडीझचे २२८.३१ असे प्रत्येकाचे स्वतःचे मानक असते आणि ते पुस्तिकेत छापलेले असते. पुस्तिकेतला तो क्रमांक आणि डब्याच्या मागच्या बाजूवरचा क्रमांक जुळला पाहिजे. काही नव्या इंजिनांना १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेले असते आणि ते वाचून आपल्याकडच्या उन्हाने मन कचरते, पण त्या इंजिनाचे पंप, फटी आणि ऑइल कूलर त्या ऑइलासाठीच बनवलेले असतात. वॉरंटीच्या काळात तरी त्यात स्वतःची भर घालू नये.

खनिज की सिंथेटिक, हा प्रश्न पैशांचा असल्यामुळे त्यावर वाद फार होतात. ऑइलाचे तापमान १०० अंशांच्या वर गेले की दर १० अंशांमागे त्याच्या जळून घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे ११० ऐवजी १३० अंशांवर चालणारे ऑइल चौपट वेगाने म्हातारे होते. टर्बोच्या बेअरिंगची अवस्था याहून बिकट असते, कारण तिच्या एका टोकाला सहाशे-सातशे अंशांचा धूर असतो आणि दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत असतो. घाटमाथ्यावर पोहोचून चालकाने चहासाठी गाडी लगेच बंद केली की तिथले ऑइल जागच्या जागी करपते आणि त्याचा कोळसा नळीत बसतो. सिंथेटिक ऑइल हे जास्त सोसते. तरीही माथ्यावर तीन-चार मिनिटे इंजिन मोकळे चालू ठेवण्याची सवय कोणत्याही ऑइलापेक्षा स्वस्त आहे आणि मी नव्या चालकाला पहिल्या दिवशी सांगते ती हीच गोष्ट.

माझा निर्णय गाडीच्या कामावर ठरतो. न्हावाशेवाहून नाशिक-धुळे किंवा पुण्याच्या पुढे घाट ओलांडून नियमित जाणाऱ्या, ओझ्याने पूर्ण भरलेल्या गाडीला सिंथेटिक किंवा निदान अर्ध-सिंथेटिक घालणे परवडते. बंदर आणि कळंबोलीच्या यार्डाच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या गाडीचे दुखणे वेगळे असते. ती बंदराच्या फाटकाबाहेरच्या रांगेत तासन्‌तास चालू इंजिनाने उभी असते, किलोमीटर कमी भरतात पण इंजिनाचे तास भरत राहतात, आणि मंद चालणाऱ्या इंजिनात काजळी व न जळलेले डिझेल ऑइलात उतरते. बीएस-६ गाडीत डीपीएफ स्वच्छ करण्याचे चक्र अर्धवट तुटले तर काही इंजिनांत आणखी डिझेल चेंबरमध्ये जाते आणि डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसते. पातळी चढणे हे उतरण्याइतकेच वाईट लक्षण आहे. त्या ऑइलाची जाडी गेलेली असते आणि नंतर हीच गाडी अचानक घाटाच्या भाड्याला लावली तर बेअरिंगवर संकट येते. अशा गाडीत महागडे ऑइल घालून मुदत ताणण्यापेक्षा साधे, पण योग्य वर्गाचे ऑइल तासांच्या हिशेबाने लवकर बदलणे मला शहाणपणाचे वाटते.

मुदत ठरवायची कशी, याला अंदाजाखेरीज एक चांगला मार्ग आहे: वापरलेल्या ऑइलाची प्रयोगशाळेत तपासणी. गरम इंजिनातून, बदलीच्या वेळी मधल्या धारेचा नमुना स्वच्छ बाटलीत घ्यायचा. अहवालात १०० अंशांवरची जाडी, उरलेला टीबीएन, काजळी आणि धातूंचे प्रमाण मिळते. शिसे आणि तांबे वाढले तर बेअरिंगकडे पाहावे, लोखंड वाढले तर लायनरकडे, सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टर किंवा त्याच्या पाइपातून धूळ शिरते आहे असे समजावे, आणि सोडियम-पोटॅशियम दिसले तर कूलंट ऑइलात मिसळत असल्याची शंका घ्यावी. एकाच अहवालावरून फारसे कळत नाही. त्याच गाडीचे, त्याच ऑइलाचे, त्याच मार्गावरचे अहवाल पुढे-मागे ठेवले की कल दिसतो. एवढ्या खर्चाची गरज काय, असे बरेच मालक विचारतात. क्रँकशाफ्ट घासून घ्यायला किती दिवस गाडी उभी राहते आणि त्या दिवसांचा हप्ता कोण भरतो, याचा विचार केला की तपासणीचा खर्च किरकोळ वाटतो. ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, हा समज मात्र सोडून द्यावा. चांगले डिझेल ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवते आणि ती इंजिनात चिकटू देत नाही.

उन्हाळ्याआधी ऑइलाइतकाच वेळ थंड ठेवण्याच्या यंत्रणेला द्यावा. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी, पंख्याचा क्लच व पट्टा तपासावा, थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी सवय बंद करावी आणि नळाचे पाणी न ओतता पुस्तिकेत सांगितलेला कूलंटच भरावा. ऑइल कूलर याच कूलंटवर चालतो, त्यामुळे त्यात क्षार बसले की ऑइलाचे तापमान गेजवर काही दिसण्याआधीच वाढलेले असते. पातळी रोज सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना पाहावी. दूरच्या फेरीला निघताना भर घालायला त्याच ऑइलाचा सीलबंद कॅन गाडीत ठेवावा, म्हणजे धाब्याजवळच्या दुकानातले मिळेल ते ऑइल ओतावे लागत नाही.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. नामांकित कंपनीच्या डब्यात भलतेच काहीतरी भरून विकण्याचा धंदा आपल्या शहराला नवा नाही. अधिकृत वितरकाकडून बिल घेऊन खरेदी करावी, बॅच क्रमांक आणि तारीख डब्यावर व खोक्यावर एकच आहे का ते पाहावे, आणि डब्यावर एपीआयचे गोल चिन्ह असेल तर ते ऑइल त्यांच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का हे तपासावे. ही यादी कोणालाही पाहता येते. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो भंगारात द्यावा, नाहीतर तोच डबा पुन्हा भरून कोणाच्या तरी इंजिनात रिकामा होतो. काळ्या ऑइलाचेही तसेच आहे. ते २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांखाली येते, गटारात सोडता येत नाही आणि दारावर येणाऱ्या कोणाही फेरीवाल्याला विकता येत नाही. आमच्याकडे ते बंद पिंपात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच दिले जाते, आणि त्याची पावती गाडीच्या फाइलमध्ये नव्या ऑइलाच्या बिलामागे लावलेली असते.